अच्छेरभर पसई

आमच्या घरी वर्षातून एकाच दिवशी तांबूस भात शिजायचा. ऋषिपंचमीला. एरवी बाबांना भात पांढरा आणि मोकळा लागे. त्या दिवशी मात्र ते जाडसर, गिचका, ओल्या मातीचा वास असलेला भात निमूटपणे ऋषीच्या भाजीत कालवून खात. त्या भाताचं नाव पसई, आणि तो आणणारी मौसी. मौसीचं खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही, कारण ते विचारावं असं आमच्यापैकी कुणाला वाटलंच नाही.

आई वाईची. १९५५ साली लग्न होऊन जबलपूरला आली. बाबा गन कॅरेज फॅक्टरीत होते. १९०४ सालचा तो कारखाना. तिथल्या भोंग्यावर अर्धं शहर घड्याळ लावायचं. गोलबाजारच्या बाजूला दोन खोल्या, मागे हातभर अंगण आणि सामाईक नळ. आईला हिंदी येत नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात नळावर एक बाई दुसरीला 'काय?' म्हणाली आणि आई हरखली. जबलपूरच्या बोलीत 'क्या'ला 'काय' म्हणतात, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटलं, सगळ्यांना मराठी येतं! पुढचे सहा महिने ती सगळ्यांशी मराठीतच बोलली, आणि गंमत म्हणजे तिचं काही अडलं नाही.

अडलं ते भाद्रपदात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नियम. अळू, पडवळ, भोपळा अंगणातला, कुदळीने खणलेल्या मातीतला. त्याचा प्रश्न नव्हता. पण नांगर न लागलेला भात आणायचा कुठून? माहेरी त्या दिवशी भाताला फाटाच असे. घरमालकीणबाई म्हणाल्या, "पसई खाओ ना, हरछठ को हम भी तो वही खाते हैं." आणि दुसऱ्या दिवशी दारात मौसीला उभं केलं.

हरछठ म्हणजे बलरामाचा जन्मदिवस. बलरामाचं शस्त्र नांगर, म्हणून त्या दिवशी नांगराला विश्रांती. नांगरलेल्या जमिनीतलं काही खायचं नाही, नांगरलेल्या जमिनीवर पाऊलही टाकायचं नाही. गाईचं दूध-दही-तूप वर्ज्य, म्हशीचं चालतं. कांस गवत, पळस आणि बोरीची डहाळी एकत्र रोवून बायका पूजा करतात, मुलांना आयुष्य मागतात आणि पसईचा भात, म्हशीचं दही, मोहाची फुलं अशा फराळावर उपास सोडतात. त्यांच्या पंचांगात ही तिथी भादों बदी छठ, आमच्या पंचांगात श्रावण वद्य षष्ठी. चंद्र तोच, महिन्याचं नाव तेवढं वेगळं. पंधरवड्याने आमची ऋषिपंचमी. दोन व्रतं, दोन भाषा, आणि बैलाला दोन्हीकडे सुट्टी. आईला हे फार आवडलं. ती म्हणायची, "बघ, इथल्या लोकांनाही कळतं."

पसई म्हणजे दलदलीतला जंगली भात. कुणी पेरत नाही, कुणी लावत नाही. उथळ तळ्याच्या काठाने, पाणी साचलेल्या खोलगट जागी आपला आपण उगवतो. आपल्या जुन्या कोशांत याला देवभात म्हटलंय, संस्कृतात नीवार. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंताला आश्रम जवळ आल्याचं कशावरून कळतं? पोपटांच्या ढोलींतून झाडांखाली सांडलेल्या नीवाराच्या दाण्यांवरून. दुसऱ्या अंकात विदूषक त्याला सुचवतो की आश्रमात परत जायला सबब हवी ना, मग ऋषींकडे नीवाराचा सहावा हिस्सा कर म्हणून मागा. विदूषकाचा तो विनोद आहे. मौसीच्या तलैयावर तो विनोद नव्हता, पण ते पुढे.

मौसीचं कुटुंब पाण्यावर जगणारं. नवरा मासे धरायचा, सिंघाड्याच्या वेली लावायचा. मौसीच्या टोपलीत काय आहे त्यावरून आम्हाला महिना कळायचा. पावसाळ्यात नाळीची भाजी, तिला ती 'करमुआ' म्हणे. आई ती लसूण घालून परतायची. देठ पोकळ, दाताखाली कुरकुरीत. नवरात्राच्या पुढे सिंघाडे, आधी हिरवे-लाल, मग उकडलेले काळेकुट्ट. सिंघाड्याचं पीठ पुण्या-वाईला पुडीतून येतं. आमच्याकडे सिहोऱ्याच्या मंडीतून वाळलेले सिंघाडे यायचे आणि आई ते जात्यावर काढायची. थंडीत मुरार, म्हणजे कमळाचे देठ. आडवा कापला की आत भोकांची चक्री. आणि कधीतरी कसेरू, काळ्या सालीचे, सोलून चघळायचे गोड कंद. या सगळ्याचे ती पैसे घ्यायची, आणि घासाघीसही चोख करायची. पसईचे मात्र आईकडून घेत नसे. बाजारात पसई तेव्हाही चांगल्या तांदळाहून महाग होती, आणि बाकी घरांतून ती रोख पैसे मोजून घ्यायची. आमच्याशी तिचा वेगळा व्यवहार होता, पोस्टकार्डांचा.

तिचा मुलगा इटारसीला रेल्वेत गँगमन होता. त्याला पत्र लिहायचं काम आईकडे आलं, कारण आळीत दुपारी मोकळी आणि लिहिता येणारी बाई तीच. मौसी पायरीवर बसून सांगायची, आई तिच्या हिंदीत लिहायची. 'तुझी आई तुझी फार आठवण काढते' याचं आईने एकदा लिहिलं, 'तुम्हारी माँ तुम्हारी बहुत आठवण निकालती है.' दहा दिवसांनी उत्तर आलं, तेही कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. त्यात काळजीने विचारलं होतं, अम्मा, ये आठवण कहाँ से निकालती हो, तबीयत तो ठीक है? आई इतकी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला. अर्थ समजल्यावर मौसीही हसली, आणि तो शब्द तिने ठेवून घेतला. पुढे कधीही दारात आली की म्हणायची, "आठवन आई, सो चली आई."

वर्षाला दहा-बारा कार्डं, आणि त्या बदल्यात ऋषिपंचमीच्या आधी अच्छेरभर पसई. शेर-अच्छेर कायद्याने गेले होते, किलो आले होते. पण मौसीचं पितळी माप गेलं नव्हतं.

ती पसई निवडायचं काम माझं. हाताने कांडलेला तांदूळ, त्यात साळीसकट राहिलेले काळपट दाणे असायचे, टोकाला लांब कूस. ते वेचून अंगणात फेकायचे. दहा दाणे वेचले की एक गुळाचा खडा, असा आईचा दर होता. मी पुढे बँकेत गेलो, त्याची सुरुवात इथेच असावी.

१९६८च्या दसऱ्याच्या सुट्टीत मी दहा वर्षांचा होतो. पसई कशी काढतात ते बघायचं म्हणून हट्ट धरला. आई नाही म्हणाली, बाबा हो म्हणाले. पहाटे चारला मौसी आणि तिची जाऊ मला घेऊन निघाल्या. गढ्याच्या पलीकडे एक तलैया होती, तासाभराची चाल. जबलपूर म्हणजे बावन्न तळ्यांचं गाव म्हणतात. राणी दुर्गावतीचं रानीताल, तिच्या दासीचं चेरीताल, दिवाण आधारसिंहांचं अधारताल, गोंड राजा संग्रामशाहाचं संग्रामसागर. पण ही तलैया त्या मोजणीत असेल असं वाटत नाही. तिला नावच नव्हतं.

पहाटे का, तर दव असताना दाणा कमी झडतो. जंगली भाताची हीच खोड. लावलेला भात पिकला तरी ओंबीत थांबतो, माणूस विळा घेऊन येईपर्यंत. पसई थांबत नाही. दाणा तयार झाला की गळून चिखलात, पुढच्या वर्षीची सोय. भाताचं हे थांबणं शेतकऱ्यांनी हजारो वर्षं वेचून वेचून आणलं. २००६ साली शास्त्रज्ञांनी त्यामागचं एक प्रमुख जनुक शोधलं, तर त्यात बदल निघाला अगदी एवढासा. एवढ्याशा बदलावर शेती उभी आहे. मौसी त्या बदलाच्या अलीकडे काम करत होती. दहा-पंधरा दिवस आधी येऊन तिने ताटांचे झुबके त्यांच्याच पानांचा पीळ देऊन बांधून ठेवले होते, म्हणजे वाऱ्याने घुसळून दाणे सांडू नयेत. आता कमरेएवढ्या पाण्यात उतरून ती एकेक गाठ सोडायची, झुबका डाव्या हाताने टोपलीवर वाकवायची आणि उजव्या हातातल्या काठीने हळूच दोनदा टपटपवायची. जोरात मारलं तर हिरवा दाणाही पडतो, आणि पुढच्या फेरीला काही उरत नाही. टोपली शेणाने सारवलेली, फटीतून दाणा निसटू नये म्हणून. कमरेला मिठाची पुरचुंडी, जळवांसाठी. कुसं काट्यासारखी, तिच्या कोपरापासून मनगटापर्यंत बारीक लाल ओरखडे उठले होते. दोघी तीन तास वाकून होत्या. तीन तास!

बैलाचे कष्ट नसलेलं धान्य म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पाहिलं. बैल नव्हता एवढं खरं. घरी आईला मी हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "नांगराच्या फाळाखाली किडामुंगी मरते, त्यासाठी असतं ते." तिचं उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्या वर्षापासून मौसी आली की आई तिला पायरीवरून उठवून आत, पंख्याखाली बसवू लागली.

दिवस वर आला. बांधावर तलैयाच्या ठेकेदाराचा माणूस येऊन बसला. ठेका माशांचा आणि सिंघाड्यांचा. पसई कुणाच्या ठेक्यात नव्हती, तरी त्याच्या पंचात आधी चार ओंजळी पडायच्या. मला काठाशी गुडघाभर पाण्यात उभं केलं होतं, मोठी टोपली धरून. मौसी आणि जाऊ आपापली भरलेली टोपली तीत आणून रिकामी करायच्या. सकाळची सगळी मिळकत माझ्या हातात. आणि माझ्यापासून चार हातांवर, कमळाच्या पानावरून, लांब बोटांचा एक कमळपक्षी चालत आला. मी नीट पाहावं म्हणून वळलो. पायाखालचा चिखल सरकला.

पोकळ दाणे तरंगले, भरलेले बुडाले. पाण्यावर कुसांची एक तपकिरी जाळी पसरत गेली. जाऊ ओरडली. मौसीने सुपासारखे हात करून पाण्यावरून काही गोळा करायचा प्रयत्न केला, हातात टरफलंच आली. मी रडायच्या बेतात होतो. तिने हात झटकले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तला को हतो, तला में गओ." तळ्याचं होतं, तळ्यात गेलं. मग मला खांद्यावर घेऊन काठावर बसवलं आणि जावेला बुंदेलीत काहीतरी दरडावलं. तिसऱ्या फेरीचे झुबके उरले होते, ते काढायला दोघी पुन्हा उतरल्या.

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. कमळपक्षी सांगितला, जळवा सांगितल्या. संध्याकाळी बाबा नेहमीप्रमाणे नारायणसूक्त म्हणत होते आणि मी मानेत रुतलेलं एक कूस नखाने काढत बसलो होतो. त्या सूक्तात हृदयातल्या ज्योतीला नीवाराच्या कुसाची उपमा आहे, तितकी ती बारीक. बाबांनी जन्मभर ते म्हटलं, ऋषिपंचमीला जन्मभर पसई खाल्ली, पण दोन्ही एकच आहेत हे त्यांना कधी कळलं नाही. मला कळलं ते चाळिशीत.

पुढच्या वर्षी हरछठ आली. आईने म्हशीच्या दुधाचं दही विरजून मला मौसीकडे पाठवलं, उपास सोडायला. तिच्या अंगणात शेणाने सारवून कांस-पळस रोवला होता, मातीच्या चिमुकल्या कुल्हडींत लाह्या-फुटाणे भरले होते. बायका कहाण्या ऐकून उठत होत्या. पळसाच्या पत्रावळींवर वाढणं झालं. जावेच्या पानात मूठभर तांबूस भात होता. मौसीच्या पानात मोहाची फुलं होती, आणि मी आणलेलं दही. भात नव्हता.

मी त्या पानाकडे बघतोय हे तिने पाहिलं. एक फूल दह्यात बुडवून तोंडात टाकलं आणि म्हणाली, "ऐसे भी चलत है." असंही चालतं.

पंधरा दिवसांनी मौसी आमच्याकडे आली. पदराखालून पितळी माप काढलं. शीग लावून भरलेलं, नेहमीचं अच्छेर. आईने सुपात ओतून घेतलं, हलवून पाहिलं आणि म्हणाली, "इस साल बहुत साफ है." मी दाणे निवडले, गुळाचे खडे मिळाले. ऋषिपंचमीला मी तो भात दोनदा मागून घेतला. आई खूश झाली, कारण एरवी मी नाक मुरडायचो. आज विचार केला तर कळत नाही, तो पश्चात्ताप होता की नुसती भूक. दहा-अकरा वर्षांच्या पोराला दोन्ही एकाच जागी लागतात.

तिच्या मुलाला काही झालं नाही, हे सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा वाट बघत बसेल. तो रेल्वेतून रीतसर निवृत्त झाला. मौसी १९७९च्या पावसाळ्यापर्यंत येत राहिली. मग जाऊ आली दोन वर्षं, मग कुणी नाही. आई नंतर बाजारातून पसई आणायची आणि दरवर्षी म्हणायची की मौसीच्या पसईची सर नाही. मी तरीही तिला सांगितलं नाही. २००३ साली आई गेली. तिच्या डब्यांत मौसीच्या मुलाची सात कार्डं सापडली, आठवणीवालं त्यात होतं.

एक गोष्ट मात्र मी पुढे वाचली आणि ती मौसीला सांगावीशी वाटली होती. भातावर एक विषाणू येतो, तपकिरी तुडतुडे तो पसरवतात. रोप गवतासारखं खुजं राहतं, ओंबी धरत नाही. १९७०च्या दशकात आशियात त्याने उच्छाद मांडला. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने उपाय शोधायला हजारो वाण तपासले. लावलेल्या भाताच्या जातींत टिकणारी एकही निघेना. टिकला तो उत्तर प्रदेशातून गेलेल्या एका जंगली भाताचा नमुना, शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. नीवारच. त्याचा गुण घेऊन पुढच्या जाती तयार झाल्या. १९७६ची आयआर ३६ त्यातली, आणि ती एके काळी जगात सर्वांत जास्त लावली जाणारी भाताची जात होती. अर्धा आशिया एका पसईच्या झुबक्याचा देणेकरी झाला. मौसी यावर काय म्हणाली असती? बहुतेक विचारलं असतं, त्यांनी कितीला घेतली.

तीन वर्षांपूर्वी हरछठच्या आधी मी जबलपूरला गेलो. रानीतालच्या जागी स्टेडियम कधीचंच झालं आहे. गढ्यापलीकडे ती तलैया शोधली. तिथे आता एक कॉलनी आहे, आणि पावसात तिच्या तळमजल्यांत पाणी शिरतं असं पानवाल्याने कौतुकाने सांगितलं. बड्या फुहाऱ्याला मात्र रस्त्याकडेला टोपल्या लागल्या होत्या: कांस, पळस, मोहाची वाळलेली फुलं, कुल्हडी आणि पसई. पाव किलो घेतली. पुण्याला येऊन ताटात पसरली आणि सवयीने निवडायला बसलो. कांडलेला तांदूळ रुजत नाही, पण त्यात साळीसकट राहिलेले काळपट दाणे होते. एकोणीस निघाले. या वेळी फेकले नाहीत.

पुढच्या जूनमध्ये बाल्कनीत प्लॅस्टिकच्या टबात चिखल करून ते टाकले. तीन रुजले. शेजारच्यांना वाटलं, डेंग्यूच्या डासांची सोय चालली आहे. म्हणून टबात दोन गप्पी मासे सोडले. सप्टेंबरअखेर ओंब्या आल्या, लालसर कुसांच्या. मला त्यांचीच पानं पिळून गाठ मारता येईना, दोन पानं तुटली. तिसऱ्या खेपेला बसली. एका पहाटे उठून, ओंबीखाली हात धरून, पेन्सिलीने हळूच दोनदा टपटपवलं.

एक्केचाळीस दाणे. बाकीचे पाण्यात पडले, ते तसेच ठेवले.

बँकेतल्या माणसाने हिशेब करायचा नाही तर कुणी? उरलेल्या पसईतले हजार दाणे मोजून काट्यावर ठेवले, भरले एकोणीस ग्रॅम. जुनं अच्छेर म्हणजे साधारण चारशे सहासष्ट ग्रॅम. म्हणजे एका मापात साडेचोवीस हजार दाणे. वर्षाला एक्केचाळीस धरले, तर फक्त त्या एका वर्षाचं फेडायला सहाशे वर्षं, आणि यात व्याज धरलेलं नाही.

बायकोला कागद दाखवला. तिने चष्मा लावून सगळे आकडे पाहिले आणि म्हणाली, "अहो, मग टब मोठा घ्या."